मधल्या पायरीवरचं मांजर

तिला सगळे शेडताई म्हणत, आणि हे नाव तिला दातांनी मिळवून दिलं होतं. कृत्रिम दात बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, कोणी साचे ओतायचं, कोणी घासायचं, आणि शेवटी रंग चढवायला ते दात शेडताईच्या टेबलावर यायचे. दात पांढरे असतात असं ज्याला वाटतं, त्यानं ते कधी नीट पाहिलेलेच नसतात. कुणाचा मुळाशी मधासारखा आणि टोकाला निळसर, कुणाचा वर्षानुवर्षं चहात भिजल्यासारखा. नवा दात शेजारच्या जुन्याशी असा जुळवायचा की त्या माणसाच्या बायकोलाही पत्ता लागू नये. बाकीचे नमुन्यांची पट्टी धरून शेड, म्हणजे नेमकी छटा, शोधत बसायचे. ही नुसती बघून सांगायची.

मग यंत्रं आली. मालक भला माणूस होता. त्यानं एकेकाला आत बोलावून चहा पाजला आणि घरी पाठवलं.

घरी बसून शेडताईला काही सुचेना. नवरा सकाळी गोदामावर जायचा तो दिवे लागल्यावर परतायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती आणि सासूबाई समोरासमोर बसत, आणि बारीक ब्रशाची सवय झालेली हिची बोटं टेबलावर आपोआप चालत राहत.

"अगं, झिजेल ते टेबल," सासूबाई एकदा म्हणाल्या. "त्यापेक्षा कागदावर काहीतरी गिरव."

तिनं शेजाऱ्यांच्या खिडकीत बसलेल्या कुत्रीचं चित्र काढलं. शेजारीण ते हावरटासारखी घेऊन गेली, आणि लगेच तिची बहीण आपल्या सशाचा फोटो घेऊन दारात हजर. असा तो उद्योग सुरू झाला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतीवर तिचा कागद लावू दिला: 'तुमच्या लाडक्या प्राण्याचं हुबेहूब चित्र काढून मिळेल.' नणंदेनं फोनवर विचारलं, "काय गं वहिनी, माणसं संपली का?" सासूबाई मात्र खूश होत्या. येईल त्याला सांगायच्या, "आजवर हिनं लोकांचे दात त्यांच्याच घशात घातले, आता त्यांची कुत्री भिंतीवर चढवतेय. बढतीच म्हणायची."

पण शेडताईच्या मनात एक कुसळ रुतलेलं होतं. चित्रं हुबेहूब यायची, केस न् केस जागच्या जागी. तरी एखादं पुरं करून भिंतीला टेकवून ठेवलं की तिला कवळीच आठवायची. रंग जुळलाय, बसतेय घट्ट, पण जिवंत काही नाही.

"कवळीनं जेवता येतं ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग झालं तर."

तिचं समाधान झालं नाही.

अशात मेट्रनबाई आल्या. मोठ्या रुग्णालयात जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेल्या, पाठ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. स्वयंपाकघरातल्या डगमगत्या खुर्चीवरही त्या अशा बसल्या की खुर्चीच डगमगायची थांबली.

"माझ्या सोनीचं चित्र हवंय," त्या म्हणाल्या. "बसलेली. पुढचे दोन्ही पाय जोडून, मान वर. माझी मांजरी फार शिस्तीची आहे. वेळेवर येते, वेळेवर खाते, ताटलीबाहेर कण सांडत नाही. अंगावर लोळणं, लाडात येणं तिला खपत नाही."

"फोटो आणलाय का?"

"फोटो कशाला? जिचं चित्र काढायचं तिला बघायला नको? उद्या सकाळी या."

असं आजवर तिला एकाही गिऱ्हाइकानं म्हटलं नव्हतं. ती गेली.

गल्लीच्या टोकाला दुमजली घर होतं. वर जायचा दगडी जिना बाहेरून, मध्ये एक वळण घेऊन चढणारा, वर पत्र्याचं छप्पर. खालच्या मजल्याचं हिरवं दार बंद होतं आणि आतून भाजल्या पिठाचा वास येत होता. शेडताईचं पाऊल तिथं जरा रेंगाळलं तशी वरून हाक आली, "वर या, वर! तिकडे लक्ष देऊ नका. तिथं आमचं बोलणं नाही."

"कोण राहतं खाली?" वर पोचल्यावर तिनं विचारलं.

"भाऊ," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि बाटलीला बूच लावावं तसा तो विषय मिटला.

खिडकीच्या कट्ट्यावर मांजर बसलं होतं. केशरी अंग, पांढरी छाती, पांढरे मोजे. बाईंनी सांगितलं तसंच: पाय जोडलेले, मान वर, एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारखं. शेडताईनं वही उघडली. इतरांनी आधी डोळे पाहिले असते, कान पाहिले असते. पण तेवढ्यात मांजरानं जांभई दिली आणि हिच्या नजरेनं सवयीनं तोंडात उडी घेतली. वरचा डावा सुळा टोकाशी तिरका तुटलेला. मूळ पिवळट, मोडलेली कड दुधाळ. अशी मोड ती विसरणं शक्य नव्हतं.

तासाभरानं कसलीशी घाई असल्यासारखं ते मांजर उठलं आणि दाराच्या फटीतून निघून गेलं.

"फिरायला गेली," बाई कौतुकानं म्हणाल्या. "दुपारची फिरते, संध्याकाळी हजर. पण बाहेरचं काही खायची नाही हं. तोंड लावणार नाही."

दोन-चार दिवसांनी फोन वाजला. पलीकडे एक ऐसपैस, खडखडीत आवाज होता.

"जनावरांच्या चित्रवाल्या तुम्हीच ना? डॉक्टरांकडे कागद वाचला तुमचा. आमच्या पैलवानाचं चित्र काढायचंय. बोका आहे. असा बोका तुम्ही जन्मात बघितला नसेल!"

शेडताई पत्ता लिहून घेऊ लागली आणि निम्म्यात तिची पेन्सिल थबकली. गल्ली तीच. घर तेच.

"खालचा मजला," आवाज म्हणाला. "हिरवं दार. चुकून वर चढू नका, वर आमचं बोलणं नाही."

त्या आवाजाचे धनी, गल्लीचे बेकरीवाले, गुबगुबीत, मोकळ्या तोंडाचे विधुर गृहस्थ होते. बेकरी बंद करून काळ लोटला होता, पण हात गप्प बसेनात म्हणून ते घरच्या घरी भट्टी लावून गल्लीला पुरेल एवढे ब्रेड भाजत. भट्टीशेजारी पिठाच्या रिकाम्या पोत्याची घडी होती आणि तिच्यावर चारी पाय आभाळाला लावून, पांढरं पोट उघडं टाकून एक केशरी मांजर घोरत होतं.

"पोट बघा, पोट!" बेकरीवाले म्हणाले. "फुगलेल्या कणकेसारखं! मला अगदी असंच हवंय. उताणा. ताठबीठ बसवाल तर चित्र परत करीन. ह्याला शिस्त म्हणजे काय ठाऊकच नाही बिचाऱ्याला."

त्यांच्या मोठ्या आवाजानं मांजर जागं झालं. त्यानं जांभई दिली. वरचा डावा सुळा टोकाशी तिरका तुटलेला.

शेडताई आ वासून बघत राहिली. मांजरानं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. एका दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात भेटल्यावर जसं बघेल, अगदी तसं. मग त्यानं डोळा मिटून घेतला.

"सकाळी कुठं असतो हा?" तिनं जपून विचारलं.

"भटकतो. पुरुषासारखा पुरुष, घरात थोडाच बसणार? पण दुपारी बरोब्बर जेवायला हजर. बाहेरच्या अन्नाला शिवत नाही. फक्त माझ्या हातचं."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सासूबाईंना हसून हसून ठसका लागला.

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हा तर दोन्हीकडे चापून टुम्म झालाय! ह्याच्याकडनं शिकलं पाहिजे."

"पण आई, मी करू काय? दोघांना सांगू?"

"मुळीच नाही. तिला बसलेली मांजरी दे, त्याला निजलेला बोका दे. ताकास तूर लागू देऊ नकोस. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तुला कुणी नेमलंय?"

सल्ला सोपा होता, म्हणून शेडताईनं तो ऐकला. खिडकीतलं चित्र काढायला घेतलं. ते दगडी पुतळ्यासारखं आलं. पोत्यावरचं काढायला घेतलं. ते उशीसारखं आलं. रंग पुसले, पुन्हा लावले. एकात नुसती मान होती, दुसऱ्यात नुसतं पोट, आणि मांजर दोन्हींत नव्हतं. आजवर ती समोर ठेवलेल्या फोटोवरून चित्र उतरवून काढत होती, तेव्हा काय राहून जातंय ते तिला कळत नव्हतं. आता ते मांजर तिच्या ओळखीचं झालं होतं आणि काय राहिलंय ते तिला बोट ठेवून दाखवता आलं असतं.

ती पुन्हा खाली गेली, पुन्हा वर गेली. बेकरीवाले कणीक मळता मळता बोलत असत, आणि एकदा त्यांनी न विचारताच सांगून टाकलं.

"आई आजारी होती शेवटी. मी म्हणत होतो, तिला घरीच राहू दे, तिची खोली, तिची माणसं. ताईनं ऐकलं नाही. मेट्रन ना ती! गाडी बोलावली, रुग्णालयात घेऊन गेली. आई तिथंच गेली, परक्या खाटेवर." त्यांनी कणकेच्या गोळ्यावर मूठ हाणली. "मी ताईला म्हटलं, तू मारलंस तिला. म्हटलं खरं. तेव्हापासून जिना आहे आणि आम्ही आहोत."

वर मेट्रनबाईंनी एवढंच सांगितलं, "त्यानं आईला एकटीनं उचलून न्यायला लावलं मला. गाडीत चढला नाही." हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. फक्त मांजराच्या ताटलीतलं दूध त्यांच्या हातून पहिल्यांदाच सांडलं, आणि त्यांनी ते ताबडतोब पुसून टाकलं.

त्या दुपारी शेडताई जिना उतरत होती तेव्हा मांजर तिच्या पायाशी घासून पुढं झालं. वळणावर एक रुंद पायरी होती, मधोमध वाटीसारखी झिजलेली. मांजर तिथं थांबलं. शेडताईही दोन पायऱ्या वर थांबली, मग हळूच खाली बसली.

मांजर त्या खळग्यात बसलं, पण धड बसलंही नाही. मागचं अंग वरच्या पायरीला टेकलेलं, पुढचा एक पंजा खालच्या पायरीवर सोडलेला. वरती बाई कप विसळत होत्या, त्या आवाजाला त्याचा एक कान वळला. खाली भट्टीचं दार करकरलं, त्या आवाजाला दुसरा. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. ते ताठ नव्हतं की सैल नव्हतं. कुणाला बरं वाटावं म्हणून त्यानं काही केलेलं नव्हतं. पत्र्याखालून आलेली उन्हाची तिरीप त्याच्या पाठीवर पडली होती, आणि त्या केशरी रंगात शेडताईला तांबडा, जांभळा, राखाडी, सगळे दिसत होते. मग त्यानं मान फिरवून तिच्याकडे सरळ पाहिलं. तिथं कुणाची सोनी नव्हती, कुणाचा पैलवान नव्हता. ते आपल्या घराच्या मध्यावर बसलेलं मांजर होतं, आणि अख्खं घर त्याचं होतं.

तिचा हात आपोआप वहीकडे गेला.

त्यानंतर ती रोज दुपारी त्या जिन्यावर बसू लागली. बाईंना वाटलं ती खालून येते, बेकरीवाल्यांना वाटलं वरून; आणि दोघांचंही बोलणं नसल्यामुळे विचारणार कोण? वही भरली. मग तिनं मोठा कॅनव्हास आणला, एवढा मोठा की स्वयंपाकघरात टेबल सरकवून त्याला जागा करावी लागली. नवरा कॅनव्हासच्या कडेनं तिरका होऊन जेवायला बसायचा आणि काही बोलायचा नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळतं.

चित्र पुरं झालं त्या सकाळी सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या आणि कप हातातच राहिला.

"अगं," त्या शेवटी हळूच म्हणाल्या, "दूध झाकून ठेवलंयस ना?"

शेडताई हसली आणि ब्रश पुसता पुसता पुढचा विचार करू लागली. दोन माणसांनी दोन चित्रं सांगितली होती. एकीला ताठ हवं होतं, एकाला उताणं. हिनं तिसरंच काढून ठेवलं होतं, आणि तेही एक. वर दोघांचं गुपित दोघांसमोर उघडं पडणार ते वेगळंच. बाई धाडकन दार लावतील, बेकरीवाले आवाज चढवतील, डॉक्टरांच्या भिंतीवरचा कागद संध्याकाळपर्यंत उतरेल. तरी तिला ते चित्र बदलावंसं वाटेना. जन्मात पहिल्यांदा तिनं काहीतरी कुणाशी न जुळवता केलं होतं.

"आई, घंटा मीच बांधते," ती म्हणाली.

"मग जरा घट्ट बांध," सासूबाई म्हणाल्या.

चादरीत गुंडाळलेला कॅनव्हास डोक्याएवढा उंच धरून ती गल्लीतून निघाली. वारा आला की चादर शिडासारखी फुगायची आणि ती दोन पावलं मागे जायची. जिन्याच्या वळणावर पोचून तिनं चित्र भिंतीला टेकवलं, चादर काढली, आणि दातांच्या प्रयोगशाळेत कधी वापरला नव्हता असा आवाज लावला.

"मेट्रनबाई! बेकरीवाले! दोघंही बाहेर या!"

वरचं दार उघडलं. खालचं दार उघडलं. बाईंनी भावाला पाहिलं, भावानं बहिणीला पाहिलं, आणि दोघांचेही हात पुन्हा कडीकडे गेले.

"आत जाऊ नका," शेडताई म्हणाली. "तुम्ही दोघांनी मला चित्र सांगितलंत. मी एकच काढलंय. कारण मांजर एकच आहे."

"कुठलं मांजर?" बाईंनी विचारलं.

"हे."

बाई तीन पायऱ्या उतरल्या. बेकरीवाले धापा टाकत चढले. चित्राच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो.

"ही माझी सोनी आहे," बाई म्हणाल्या.

"सोनी?" बेकरीवाल्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "अहो... अगं, पैलवान आहे तो! बोका आहे!"

"मांजरी आहे ती!"

"बोका आहे, ताई!"

ताई हा शब्द तोंडातून निसटला आणि बेकरीवाले स्वतःच दचकले. मेट्रनबाईंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. मग दोघांनीही निवाडा मागितल्यासारखं शेडताईकडे पाहिलं.

"बोका आहे," ती म्हणाली. "मी पोटही काढलंय त्याचं."

"जन्मभर नर्स होतीस ना तू?" बेकरीवाल्यांना राहवेना.

"माणसांची होते," मेट्रनबाई ताडकन म्हणाल्या.

आणि मग ते झालं. बेकरीवाल्यांच्या पोटातून हसू आलं, आधी नुसतं खदखदलं, मग बाहेर पडलं. बाईंनी ओठ आवळून धरले होते, पण खांदे हलायला लागले होते, आणि ती सरळ पाठ, जी शेडताईनं कधी वाकलेली पाहिली नव्हती, ती हसता हसता कठड्यावर झुकली.

"तरीच," त्या मधेच म्हणाल्या, "तरीच मेला रात्री दुधाला तोंड लावत नाही! तू खाऊ घालून पाठवत होतास!"

"आणि दुपारी माझा ब्रेड नुसता हुंगून सोडतो तो!"

हसणं ओसरलं तेव्हा बेकरीवाले पुन्हा चित्राकडे वळले. या वेळी त्यांनी मांजर पाहिलं नाही. त्यांचं बोट मांजराच्या खालच्या झिजलेल्या दगडावर गेलं, रंगाला न लागता थांबलं.

"ताई, ही आईची पायरी."

शेडताईला हे ठाऊक नव्हतं. तिनं फक्त दिसलं ते काढलं होतं: खळगा, त्याची गुळगुळीत कड, त्यात साचलेलं ऊन.

"इथं ऊन खात बसायची," बाई म्हणाल्या. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग चित्रासमोरच्या खऱ्या पायरीकडे. "तुला हाक मारायची खाली, मला वर. दोघांच्या कुरापती काढायची."

"मी गाडीत चढायला हवं होतं," बेकरीवाले पायरीकडे बघत म्हणाले.

बाई आणखी एक पायरी उतरल्या आणि भावाच्या खांद्यावर पडलेलं पीठ त्यांनी हातानं झटकलं. एकदा झटकलं, दोनदा झटकलं. पीठ कधीच गेलं होतं, तरी त्या झटकत राहिल्या.

शेडताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काही गोष्टींकडे बघू नये एवढं तिला कळत होतं.

पुढच्या घटकेला दोघं भांडत होते, आणि भांडण होतं चित्रावरून. चित्र बाईंना हवं होतं, कारण त्यांनी आधी सांगितलं होतं. बेकरीवाल्यांना हवं होतं, कारण मांजराची जात त्यांनी ओळखली होती. "असंच दुसरं काढून द्या," असं दोघंही एका सुरात म्हणाले.

"नाही," शेडताई म्हणाली. "असं दुसरं होणार नाही. मी काढू शकणार नाही आणि काढणारही नाही."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. मेट्रनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नव्या नर्सच्या हाताखाली पहिला रोगी बरा झाल्यावर त्या ज्या नजरेनं पाहत असतील, तशी ती नजर होती.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "इथंच लावायचं. या भिंतीवर. वर छप्पर आहे. बाबू, हातोडी आण."

बाबू म्हणजे बेकरीवाले. त्यांचं हे नाव कोणी घेऊन किती काळ झाला होता कोण जाणे, पण ते शाळकरी पोरासारखे पळाले. पहिला खिळा वाकला. दुसरा भिंतीत न जाता गल्लीत गेला. "डावीकडे," बाई सांगत होत्या, "अजून डावीकडे. अरे तुझं डावं नव्हे, माझं!" गडबड ऐकून समोरच्या खिडक्या उघडल्या, कोणीतरी शिडी दिली, कोणीतरी सल्ले दिले, आणि अखेर चित्र जिन्याच्या वळणावर सरळ लागलं. खालून येणाऱ्याला मांजर वरून पाहत होतं, वरून येणाऱ्याला बाजूनं.

"अहो, सही कुठाय?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

शेडताईला ते सुचलंच नव्हतं. खिशातला बारीक ब्रश काढून, शिडीवर चढून तिनं खालच्या कोपऱ्यात सही केली.

ती घरी परतली ती जवळजवळ पळतच. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"काय झालं? फेकलं का अंगावर?"

"लावलं, आई! भिंतीवर लावलं! दोघं बोलताहेत, भांडताहेत, हसताहेत..." तिला धड सांगताही येईना.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं नाही. त्या आत गेल्या, चांगले कपडे घालून बाहेर आल्या, आणि पायात चपला सरकवत म्हणाल्या, "चल, मला दाखव. आत्ताच."

"आई, गुडघे दुखतील. चढ आहे."

"गुडघे माझे आहेत. तू चल."

दोघी पोचल्या तेव्हा जिन्यासमोर चांगलीच गर्दी होती. बेकरीवाले गरम ब्रेडचे तुकडे वाटत होते आणि मेट्रनबाई रांग लावत होत्या. रांगेशिवाय चित्र बघायचं नाही असा त्यांनी नियमच करून टाकला होता. खुद्द मांजर पायरीवर येऊन बसलं होतं, लोकांकडे पाठ करून. लोक त्याच्याकडे बघत, मग चित्राकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

काठी टेकत आलेले एक म्हातारे गृहस्थ चित्रासमोर थांबले. चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी जवळून पाहिलं, मग मागे सरून दुरून पाहिलं.

"माझ्याकडे एक म्हातारं कासव आहे," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "त्याच्याकडे इतक्या नीट कोणी पाहिलंच नाही आजवर. कोणी काढलंय हो हे?"

सासूबाईंनी छाती फुगवून तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी, गर्दीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शेडताई म्हणाली, "मी. मी काढलंय."